न दुखलेला हात

पंचवटी, नाशिक
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. यशश्रीस आईचे आशीर्वाद.

'सौ.' मुद्दाम लिहिलेलं नाही. हे पत्र तुझ्या एकटीला आहे, तुझ्या घराला नाही. शौनकरावांना दाखवायचं तर खुशाल दाखव, पण आधी एकदा एकटीने वाच.

एका गावात राहून पत्र कसलं लिहितेस, म्हणशील. पंचवटीतून गंगापूर रोडला रिक्षा जाते हे मलाही माहीत आहे. पण फोन केला की तू म्हणतेस, "आई, ओटीत आहे, ऑपरेशन चालू आहे, नंतर करते." समोर आले की चहा मागवतेस. वॉट्सॅपवर लिहावं तर अंगठा दाखवून मोकळी होतेस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद. डावा हात गळ्यात असला तरी उजवा शाबूत आहे, आणि जीभ त्याहून शाबूत आहे हे तुला सांगायला नको.

माझं ठीक चाललंय. काल टाके निघाले, बोटं हलतात, सूज उतरली. पडून हात मोडला तरी स्टुलावर चढून डबा काढायची खोड अजून गेलेली नाही, पण स्टूल मृण्मयीने तिच्या घरी नेऊन ठेवलंय. शेजारधर्म म्हणून पोळ्याही तीच करून देते. तिच्या पोळ्या कडेला कच्च्या असतात. आयत्या पोळीला नावं ठेवू नयेत म्हणून गप्प खाते. सकाळी अजूनही कुणी यजमान दार वाजवून विचारतात, "वेणीमाधव गुरुजी आहेत का?" तुझे बाबा जाऊन इतके दिवस झाले तरी बाहेरगावच्या माणसांना ठाऊक नसतं. मी पाणी देते आणि दुसऱ्या गुरुजींचं घर दाखवते.

जेवण मात्र जात नाही. घास तोंडाशी नेते आणि परत ताटात ठेवते. तू म्हणालीस, गोळ्यांनी होतं ते. गोळ्या संपल्या, भूक परतली नाही. गोळ्यांचं नाहीच ते, यशू.

आधी एक काम सांगते, कारण मागाहून. माझा तो व्हिडिओ काढून टाक. तुमच्या हॉस्पिटलच्या पानावरचा. पडद्याच्या अलीकडे माझं तोंड, पलीकडे उघडा केलेला हात, आणि शौनकराव म्हणतायत, "आई, काहीतरी बोला ना." आणि मी मूर्खासारखी डिंकाच्या लाडवांची कृती सांगतेय. तुपात डिंक कसा फुलवायचा, खारीक किती बारीक कुटायची. खाली तुम्ही लिहिलंत, 'बहात्तर वर्षांच्या आजी. ना वेदना, ना भीती.' मागे बासरी वाजतेय. तुझ्या मावशीपासून पार इगतपुरीच्या रेल्वेवाल्या मामांपर्यंत सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दोनदा बघितला मी तो. आता तीच म्हातारी मला मोबाईलमध्ये दिसली की तिच्या तोंडात बोळा घालावासा वाटतो.

आता कारण.

ऑपरेशनच्या दिवशी ओटीच्या अलीकडच्या त्या गारठलेल्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मी होते, दुसरीवर चंद्रभागा. हे नाव तुझ्या लक्षात नसेल तर आता ठेव. निफाडकडची. द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते. गवत कापताना विळा सटकून उजव्या तळहातात घुसला आणि बोटं मुडपणाऱ्या दोऱ्या तुटल्या, असं तूच मला सांगितलं होतंस. हाताला भलंमोठं फडकं गुंडाळलेलं. तिशीची बाई असेल, पण माझ्याकडे बघत होती शाळेतल्या मुलीसारखी. मला म्हणाली, "आजी, तुमालाबी मानेत सुई देनार का?"

मी म्हटलं, "हो. माझी लेकच देणार आहे."

"मंग तुमाला कशाचं भ्या," ती म्हणाली.

तू आलीस. ते छोटं सोनोग्राफीचं मशीन, ती गार जेली. तू तिला पडदा दाखवलास. म्हणालीस, गळ्याच्या हाडाच्या वर हाताच्या सगळ्या नसा एका जागी येतात, द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात बघ, त्यांच्याभोवती औषध सोडलं की खांद्यापासून बोटांपर्यंत हात झोपतो. तिने मान न हलवता डोळे तिरके करून बघितलं आणि म्हणाली, "मानेतबी द्राक्षंच का." तुम्ही दोघी हसलात. मीही हसले. माझी मुलगी किती छान समजावून सांगते, असं माझ्या मनात आलं. मग तू तिला सांगितलंस, "हात लावलेलं कळेल, पण दुखणार नाही."

तेवढ्यात शौनकरावांनी दारातून डोकं घातलं. "झालं का? संध्याकाळी कार्यक्रम आहे. मला आईंचंही उरकायचंय." हॉस्पिटलला दहा वर्षं झाल्याचा तो कार्यक्रम. माझ्या हाताला 'उरकायचंय' म्हणाले तेही मी ऐकलं, पण जावयाचं किती मनावर घ्यायचं. ती बाई सकाळी चहा-भाकरी खाऊन आली होती, म्हणून पूर्ण भूल देण्याची सोय नव्हती, जे काय करायचं ते या एका सुईवरच, हेही तुम्ही माझ्या उशाशी उभे राहून बोललात. म्हणजे ही सुई लागलीच पाहिजे होती, हे तुम्हाला ठाऊक होतं.

तू तिला विचारलंस, "बधीर झालं ना?"

ती म्हणाली, "हो म्याडम."

अगं, ती नाही म्हणणार होती का? दवाखान्याच्या पायरीवर चपला काढून अनवाणी आत आलेली बाई ती. डॉक्टरीणबाईंनी 'झालं ना' म्हटल्यावर ती 'नाही झालं' म्हणेल? तिच्या सात पिढ्यांत कुणी म्हटलं नसेल. तुझे हातमोजे निघतात न निघतात तोच तिची खाट आत गेली.

त्या खोलीचं दार नीट लागत नाही. तुम्हाला एवढ्या दहा वर्षांत एक सुतार मिळाला नाही.

आधी नुसतं "आई गं" ऐकू आलं. मग, "दुखतंय. ओ म्याडम, दुखतंय ना." कुणीतरी म्हणालं, "हात लावलेलं कळतंय फक्त. दुखत नाहीये. हलू नकोस." मग ती ओरडली. मी तीन बाळंतपणं केली आहेत, तुझ्या आजीचं गळू बिनभुलीचं कापताना तिचे पाय धरून बसले आहे, पण माणूस असं ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं. शौनकराव म्हणाले, "धरा हिला." काहीतरी पत्र्याचं खाली पडलं. पुन्हा कुणीतरी म्हणालं, "घाबरू नकोस, दुखत नाहीये तुला."

माझ्याजवळ तुमची आया होती, चांगुणा. ती उठली आणि तिने बेसिनचा नळ पूर्ण सोडला. मला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाकडे न बघता, भांडी घासायला उठावं तशी उठली. मला त्या ओरडण्याइतकीच शिसारी त्या नळाची आली, कारण त्या बाईला सवय होती. मी उठून बसले तर म्हणाली, "पडा आजी, गावच्या बायका घाबरत्यात लय." आणि मी पडले. एक सुई मलाही लागणार होती, आणि माझा जीव मला प्यारा होता.

मग माझी पाळी.

माझ्यावर तू किती वेळ घालवलास. सुई दिलीस आणि स्टूल ओढून जवळ बसलीस. स्पिरिटचा गार बोळा दंडाला लावलास. "आई, गार लागतंय?" लागतंय म्हटलं. थांबलीस. पुन्हा लावलास. चिमटा काढलास. मूठ वळायला लावलीस, कोपर उचलायला लावलंस. करंगळीच्या बाजूला मला अजून कळत होतं, तर पुन्हा मशीन लावून तिथे थोडं औषध सोडलंस. शौनकराव दोनदा दारात आले. तू मान वर न करता म्हणालीस, "नाही, अजून नाही. आईचा हात आहे." मग तो हात माझा राहिलाच नाही. कुणीतरी उचलून बाजूला ठेवला तर मला वाटलं दुसऱ्याचाच आहे. सबंध ऑपरेशनभर मला मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही. मी लाडू वळत बसले.

मला तू विचारलं नाहीस, तपासलंस. तिला तपासलं नाहीस, विचारलंस. तुला येत नसतं तर मी म्हटलं असतं, चूक झाली पोरीची, डॉक्टरही माणूसच. पण तुला येतं. किती उत्तम येतं ते माझ्याच हाताला माहीत आहे. हेच मला गिळता येत नाही. लोक म्हणतात दुखण्याने जीव नकोसा होतो. मला माझ्या न दुखण्याचीच किळस आलीये.

आणि वर मी दोनदा 'कुणीतरी म्हणालं' असं लिहिलंय. पत्र सुरू केलं तेव्हा मनात होतं की तसंच ठेवावं. सगळं शौनकरावांवर लोटता येईल तेवढं लोटावं. जावई परका असतो, त्याच्यावर लोटायला बरं. पण नाही. ते तू म्हणालीस. तुझा आवाज मला नळाच्या पाण्यातूनही कळतो. "दुखत नाहीये तुला." दुसऱ्याच्या अंगातलं दुखणं नाही म्हणून सांगायचा अधिकार कोणत्या पुस्तकात दिला गं तुला?

काल टाके काढायला आले तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "तुमी त्या मोबाईलमधल्या लाडूवाल्या आजी ना?" ती अक्काबाई, चंद्रभागेची सासू. पलीकडे चंद्रभागा, पदराआड हात घेऊन, भिंतीकडे तोंड करून. अक्काबाईंनी मोबाईल काढला आणि माझ्यासमोर तिला पुन्हा माझा व्हिडिओ दाखवला. "बघ. या म्हातार्‍या मानूस, हसून बोलू राहिल्या. अन् तू दवाखाना डोक्यावर घेतला." मग मला सांगायला लागल्या. गावात सगळ्यांनी बघितलाय. नवरा बघतो आणि म्हणतो, तुला कामाचा कंटाळा, म्हणून सोंग. ती हलली म्हणून शौनकरावांनी अर्ध्याच दोऱ्या जोडल्या आणि वरून शिवून टाकलं. मधली दोन बोटं वळतच नाहीत. उरलेलं काम लवकर केलं नाही तर ती बोटं कायमची ताठ राहणार. आणि चंद्रभागा ऑपरेशनला नाही म्हणतेय. पाया पडून झालं, शिव्या देऊन झालं. अक्काबाई दुष्ट नाहीत गं. घाबरलेल्या आहेत. "हात गेला तर हिला कोन बागंत घेईल? दोन पोरी हायेत हिच्या पदरात," म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

मी चंद्रभागेजवळ जाऊन बसले. ती हळूच म्हणाली, "आजी, मला औषध लागतच नाय. माझं अंगच तसं हाय. तुमाला लागलं, मला नाय लागलं. परत त्यांनी कापलं तर मी मरून जाईन."

मी म्हटलं, "तुझ्या अंगाला काही झालेलं नाही. औषधाला चढायला वेळ द्यावा लागतो. तुला दिला नाही."

ती म्हणाली, "तुमी सांगताय, आजी. पन सुई तुमी नव्हती दिली. जिनं दिली तिनं सांगावं. मंग मी जाईन."

म्हणून मी तशीच तुझ्या केबिनमध्ये आले. तुला आठवतंय मी काय विचारलं. "त्या बाईला दुखत होतं ना?" एवढंच. आणि तू खुर्चीत मागे रेलून मला शिकवणी दिलीस. शंभरात इतके ब्लॉक, म्हणजे या मानेतल्या सुया, लागत नाहीत, प्रत्येकाची ठेवण वेगळी, काही पेशंट फार ताण घेतात. मी म्हटलं, मी तिथे होते. तू म्हणालीस, "आई, तुला त्यातलं कळत नाही." मग बेल दाबून चहा मागवलास. आणि तो मी प्यायले. घरी येऊन ओकले.

तुला घाटावरची गोष्ट सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. यजमान खेड्यातला असला, साधाभोळा असला, संस्कृत त्याच्या कानावरून जाणारं असलं, की मधलं मधलं गाळून अर्ध्यातच तर्पण उरकणारे एकदोन जण होतेच. "त्याला काय कळतंय," म्हणायचे. तुझे बाबा त्यांच्या पंगतीला बसत नसत. घरी येऊन आंघोळ करायचे. मला वाटायचं, काय हा सोवळेपणा. काल तुझ्याकडून आल्यावर मीसुद्धा प्लास्टर सांभाळत, एका हाताने, डोक्यावरून पाणी घेतलं. स्वतःच्या मुलीकडून येऊन.

आता ऐक. रविवारी सकाळी मी एसटीने निफाडला जाणार आहे. अक्काबाईंनी वस्तीचा फाटा सांगितलाय, तो पाकिटाच्या मागे लिहिलाय. तू ये. तिच्या घरात, तिच्या सासूसमोर आणि नवऱ्यासमोर सांग की तिला दुखत होतं. हॉस्पिटलचं नाव जाईल, शौनकराव चिडतील, हे सगळं मला कळतं. तिची बोटं जातील हेही मला कळतं. तू आली नाहीस तर मी त्यांना एवढंच सांगेन की माझी मुलगी आली नाही. तुझ्या वतीने एकही सबब सांगणार नाही.

स्वेटर घालून ये, वस्तीवर गारठा फार असतो म्हणतात.

रविवारपर्यंत,
आई


पंचवटी, नाशिक
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

चि. यशश्रीस,

कालच्या महाशिवरात्रीला त्र्यंबकच्या गाड्यांनी गाव भरून गेलं होतं. मृण्मयीने साबुदाणा दिला तो खाल्ला, आणि राहिला पोटात. म्हणून आज लिहायला बसले.

त्या रविवारनंतर तुझे बरेच फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. तू आलीस, त्याबद्दल मी काही बोलेन असं तुला वाटत असणार. बोलते.

मी फाट्यावर उतरून चालत येत होते तेव्हा तुझी गाडी त्यांच्या दारात लागलेली दिसली. मला वाटलं, परत फिरावं आणि तुला एकटीला सोडावं. पण आले. तू सफरचंदांची करंडी घेऊन खाटेवर अवघडून बसली होतीस. शेजारपाजारच्या बायका दारात. नवरा भिंतीला टेकून उभा. आणि तू सुरुवात कशाने केलीस, तर "ब्लॉक थोडा पॅची होता." मी खोकले. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग मराठीत आलीस.

"औषधाला चढायला वेळ लागतो," तू म्हणालीस. "तो आम्ही दिला नाही. घाई होती. मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही."

चंद्रभागा म्हणाली, "म्हंजे मला दुखत व्हतं."

"हो."

"मी सोंग नव्हते करत."

"नाही. तुला दुखत होतं. मी खोटं बोलले."

ती तुझ्याकडे बघतच नव्हती तेव्हा. सासूकडे वळली आणि म्हणाली, "आत्याबाई, ऐकलं का?" मग नवऱ्याकडे बघून, "तुमी ऐकलं का?" नवरा अंगणात निघून गेला. अक्काबाईंनी आत जाऊन चुलीवर चहा टाकला. दारातल्या बायका पांगल्या. गावात ते संध्याकाळपर्यंत पोचलं असेल, व्हिडिओहून लवकर.

आणि मग तू म्हणालीस की या वेळी मी स्वतः देईन, लागेल तितका वेळ थांबेन, एक रुपया घेणार नाही. चंद्रभागा म्हणाली, "तुमी घरी येऊन खरं बोलल्या, लय झालं म्याडम. पन सुई तुमच्या हातची नको."

तुझा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगू का, त्याआधीच मला राग आला होता. 'मी खोटं बोलले' म्हटल्यावर तुझे खांदे कसे सैल झाले, मोठा श्वास घेतलास, ते मी पाहिलं. तुला हलकं वाटलं. तिची बोटं तशीच ताठ होती, आणि तुला हलकं वाटलं. येताना गाडीत बस म्हणालीस तेव्हा मी एसटीने येते म्हटलं ते यासाठी.

व्हिडिओ काढून टाकलास, ते बघितलं. शौनकरावांचा फोन आला होता. "आई, घरातली गोष्ट तुम्ही रस्त्यावर आणली." मी म्हटलं, "घरातली नाही हो, तुमच्या टेबलावरची." फोन ठेवला. दार तरी दुरुस्त करा म्हणणार होते, पण मग वाटलं, नको. ते तसंच नीट न लागणारं राहू दे. कुणाला तरी ऐकू आलं पाहिजे.

या सोमवारी चंद्रभागेचं ऑपरेशन झालं, दुसरीकडे. कुठे ते सांगत नाही, तुमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. मी आणि अक्काबाई बाहेर बाकावर बसलो होतो. तिला आत नेलं आणि दार बंद झालं. अक्काबाईंनी दोन्ही कानांवर पदर घट्ट ओढून घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांचा हात धरला. कितीतरी वेळ गेला. आतून कुणाच्या तरी बोलण्याची कुजबुज, एकदा हसण्यासारखं काही. बाकी काही नाही. शेवटी अक्काबाईंनी पदर सैल केला, कान देऊन ऐकलं, आणि मला विचारलं, "हे असं गुपचूप असतं का, आजी?"

त्या बाईला वाटत होतं की आतून ओरडणं येणारच.

चंद्रभागेने नंतर सांगितलं. तिथल्या भूलवाल्या बाईंनी गार बोळा लावला तेव्हा ती म्हणाली, "कळतंय अजून." त्या थांबल्या. पुन्हा लावला, पुन्हा म्हणाली, "नाय म्याडम, थोडं कळतंय." पुन्हा थांबल्या. रागावल्या नाहीत. हे सांगताना तिला त्या बाईंचं नव्हे, स्वतःचंच नवल वाटत होतं. दोऱ्या जोडल्यात. बोटं वळतील की नाही हे कळायला वेळ आहे, पण डॉक्टर आशा आहे म्हणाले.

यशू, त्या बंद दारासमोर बसले असताना मला तुझी लाज वाटली. आणि त्याच वेळी तू स्टूल ओढून माझ्या दंडाला गार बोळा लावत बसली होतीस, ते डोळ्यांपुढे आलं, आणि तुला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे. एक दुसऱ्याला पुसत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

माझ्या हाताचा व्यायाम दाखवायला पुढच्या आठवड्यात तू घरी येणार म्हणाली होतीस. येऊ नकोस. तुझी आठवण येत नाही म्हणून नव्हे. तू समोर बसून माझा हात हातात घेतलास की मला बरं वाटेल, आणि इतक्यात मला बरं वाटून घ्यायचं नाही.

आशीर्वाद आहेतच. ते आईला अडवून ठेवता येत नाहीत.

तुझीच,
आई